इंटरव्हलमध्ये सुटलेला माणूस

दस्तगीरभाई,

वाचनालयाची मंडळी परवा घरी येऊन गेली. तुमच्याविषयी चार शब्द लिहून द्या म्हणाली. जन्म कुठला, शिक्षण किती, थिएटरात ऑपरेटर म्हणून कधी लागलात, पुढं कॅसेट लायब्ररी कधी काढलीत, असली माहिती त्यांना हवी होती. मी म्हटलं, ते नसीमला विचारा, तिला वडिलांचं सगळं ठाऊक आहे. तीस वर्षं ज्या माणसाशी एकाच गोष्टीवरून भांडलो, त्याची जन्मतारीख विचारायचं मला कधी सुचलं नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे. त्यांना छापायचं असेल तर छापतील.

आपलं भांडण काय होतं ते वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणून आधी सांगून टाकतो. एका जुन्या इंग्रजी पिक्चरमध्ये एका निरपराध माणसाला खुनाच्या संशयावरून कोठडीत टाकतात. तो तिथून बाहेर कसा आला? तुम्ही म्हणायचात, फौजदारानंच त्याला सोडला. मी म्हणायचो, फौजदार कशाला सोडेल, तो ज्या बाईकडे भाड्यानं राहायचा तिनं किल्ली पळवली. आणि गंमत अशी की दोघांपैकी एकानंही तो तुकडा पाहिलेला नव्हता.

तो पिक्चर भोरला आला तोच चुकून. ठरलेल्या हिंदी पिक्चरचे डबे आलेच नाहीत, आणि वितरकानं हाताला लागला तो माल एसटीनं पाठवून दिला. डब्यांवर नाव नव्हतं. पहिल्या रिळाची सुरुवात इतकी झिजलेली की पडद्यावरही नाव उमटलं नाही. लंडनचं धुकं आणि त्यात छत्री घेतलेला एक उंच माणूस, एवढं बघून पब्लिकनंच त्याला 'छत्रीवाला' म्हणायला सुरुवात केली. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण खून झालाय आणि भलताच माणूस अडकलाय हे कळायला भाषा कशाला लागते! आठवडाभर थिएटर भरलं.

भरलं ते वेल्ह्याहून भोरच्या बाजाराला येणाऱ्या माणसांमुळं. एरवी तीन तासांचा हिंदी पिक्चर बघायचा तर त्यांना दुपारच्या खेळालाच यावं लागायचं, म्हणजे बाजार अर्धवट टाकायचा. हा पिक्चर दीड तासाचा. मालकानं संध्याकाळी सहाचा एकच खेळ ठेवला, आणि बाजार, पिक्चर व आठची वेल्हे मुक्कामी गाडी असं तिन्ही पदरात पडेल म्हणून माणसं खूश झाली. तुम्ही मात्र पहिल्या खेळाच्या आधीच हिशोब घातलात आणि तुमच्या लक्षात आलं की हे जमत नाही. सरकारी न्यूजरील सक्तीची, जाहिरातींच्या स्लाइडी मालकाच्या, इंटरव्हल कँटीनवाल्याचं. खेळ सुटायला नेमके आठ वाजणार होते, आणि थिएटरापासून स्टँडपर्यंत पाच-सात मिनिटांची चाल.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात. मी भोर स्टँडवर एसटीचा कंट्रोलर होतो, नवीन होतो, आणि कोटाच्या खिशात दोन पेनं लावायचो. गाडी दहा मिनिटं थांबवा, एवढंच तुमचं मागणं होतं. साठ-सत्तर माणसं तिकडचीच आहेत, गाडी तशीही त्यांच्यासाठीच आहे, असं तुम्ही म्हणालात. मी तुम्हाला वेळापत्रक दाखवलं. गाडी माझ्या सहीनं सुटते, तुमच्या पडद्यानं नाही, असंही वर ऐकवलं. तुम्ही 'बरं साहेब' म्हणालात आणि गेलात.

मग तुम्ही सहावं रीळ गाळलंत. एकूण नऊ रिळं, पाचव्यानंतर इंटरव्हल. पहिलं गाळता येत नाही, शेवटचं गाळलं तर पब्लिक खुर्च्या मोडेल. इंटरव्हलनंतरचं पहिलं रीळ मात्र कुणी धड बघत नाही, माणसं भजी खात खात जागा शोधत असतात, हा तुमच्या धंद्यातला अनुभव. पाचव्या रिळाच्या शेवटी तो माणूस कोठडीत बसलेला. सातव्याच्या सुरुवातीला तोच माणूस धुक्यातून छत्री घेऊन चाललाय. मध्ये भजी.

वेल्ह्याच्या लोकांनी त्यावर तोड काढली. गाडीत चर्चा झाली म्हणे, हा सुटला कधी? एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, "आरं, इंटरव्हलमधी सुटला. आपुन नव्हतो का भाईर आलो, तसा त्यो बी आला." तो शब्द पुढं सगळ्या खोऱ्यात रुजला. कोर्टाच्या खटल्यातून कुणी अलगद मोकळा झाला, कुणाची बदली ऐन वेळी रद्द झाली, की आजही तिकडं म्हणतात, हा इंटरव्हलमधी सुटला. ज्यांनी पिक्चर पाहिला नाही तेही म्हणतात. आपण दोघं कितीदा त्यावर हसलो असू. पण हसून झालं की तुमचा चेहरा पडायचा, हे मी पाहिलेलं आहे.

कारण तुम्ही कापाकापी करणाऱ्यांतले ऑपरेटर नव्हतात. गाण्याचा तुकडा काढून खिशात घालणारे, आवडता सीन मित्रांना वाटणारे ऑपरेटर तुम्हाला माहीत होते आणि त्यांना तुम्ही चोर म्हणायचात. शेवटच्या दिवशी सकाळी ते रीळ एकट्यासाठी लावून बघायचं तुम्ही ठरवलं होतं. पण वितरकाचा माणूस पहाटेच्या गाडीनंच येऊन डबे घेऊन गेला. तुम्ही ते नंतर मला सांगितलंत तेव्हाचे शब्द माझ्या कानात आहेत. "पब्लिकची अमानत व्हती, शेडगेसाहेब. म्या ती न बघताच परत केली." त्या दिवसापासून आपला चहा एकत्र सुरू झाला आणि भांडणही.

मग थिएटर बंद पडलं. नव्वद साल उलटल्यावर तुम्ही बाजारपेठेत कॅसेट लायब्ररी काढलीत. लोक लग्नाच्या कॅसेटी करून घ्यायला यायचे, पोरं मारामारीचे पिक्चर न्यायची, आणि मागच्या फळीवर तुमचा वेगळाच संसार मांडलेला. जुने इंग्रजी पिक्चर, काळेपांढरे, सगळे खुनाचे, सगळे विलायतेचे. भोरमध्ये ते बघणारे आपण दोघंच. पिक्चरचं नाव ठाऊक नाही, तेव्हा मिळेल तो आणायचा आणि त्यात छत्रीवाला आहे का बघायचं, अशी तुमची रीत. पुण्याच्या रद्दीवाल्यांना तुम्ही सांगून ठेवलेलं. शिवऱ्याला हायवेवर एक भंगारवाला होता, त्याच्याकडे बंद पडलेल्या थिएटरांचे डबे यायचे. तिथं तुम्ही मला दोनदा नेलंत. डब्यांवर बसून रीळ उन्हात धरायचात आणि चौकटीमागून चौकट सरकवत राहायचात, आणि मी ट्रक मोजत बसायचो.

शोधता शोधता तुमच्या लक्षात आलं की छत्रीवालाच काय, यातला कुठलाच पिक्चर अख्खा येत नाही. कुणी टीव्हीसाठी कापलेला, कुणी कॅसेटवर मावत नाही म्हणून, कुणाचं शेवटचं रीळच कुजलेलं. मग तुम्हाला अख्ख्याचाच नाद लागला. एकाच पिक्चरच्या तीन-तीन कॅसेटी जमवून कशात काय जास्त आहे ते तुम्ही ताडून बघायचात. कापलेलं कसं ओळखायचं ते मलाही शिकवलंत. सिगारेट अर्धी होती आणि एकदम नवीन झाली, घड्याळाचा काटा उडी मारून गेला, बोलताना बाईची मान न वळता वळली, तर तिथं कात्री लागली समजायची. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात येणारा ठिपका. रीळ संपत आलं, दुसरं मशीन चालू कर, असं ऑपरेटरला सांगणारा. पब्लिकला तो दिसत नाही. तुम्हाला फक्त तोच दिसायचा. "ठिपकं मोजा, शेडगेसाहेब. नऊ रिळांना आठ ठिपकं. एक कमी भरला की न्हाई अख्खा." माझी बायको म्हणायची, दोन म्हातारे पिक्चर लावून कोपऱ्यात बघत बसतात.

नाव सापडलं ते पानशेतला. विलायतेत नोकरी करून आलेल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी धरणाच्या बाजूला बंगला बांधला होता. त्यांचा व्हिडिओ दुरुस्त करायला तुम्हाला बोलावणं आलं. तुम्ही मला स्कूटरवर मागं घेतलंत, वेल्ह्यावरून गेलो, घाटात दोनदा उतरून मी पायी चाललो. व्हिडिओ दुरुस्त झाल्यावर तुम्ही त्यांना छत्रीवाल्याची गोष्ट सांगितलीत, कोठडीपर्यंत. ते गृहस्थ उठले, कपाट उघडलं आणि नाव लिहिलेली एक कॅसेट काढली. हाच ना, म्हणाले. तिकडच्या टीव्हीवरून त्यांनी स्वतः उतरवून घेतलेला. पहिल्या चौकटीतच धुकं, आणि तुमचा हात माझ्या मनगटावर.

आपण बघत गेलो. तो माणूस कोठडीत गेला. मध्ये साबणाची जाहिरात लागली. जाहिरात संपली आणि तो धुक्यातून छत्री घेऊन चालला होता. इंजिनिअर म्हणाले, टीव्हीवाल्यांना वेळेत बसवायचा असतो, ते असेच कापतात. तुम्ही पडद्याकडेच बघत म्हणालात, "तिकडं बी वेल्ह्याची गाडी आसंल." मी इतका हसलो की चहा सांडला. परतताना घाटात मात्र तुम्ही स्कूटर थांबवलीत आणि मागं न बघता विचारलंत, "दहा मिन्टं थांबवली आस्ती तर काय झालं आस्तं वो?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तुमचा फौजदार माझ्या जागी असता तर त्यानंही हेच केलं असतं. तुम्ही किक मारलीत.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला तर नाहीच नाही.

थिएटरात छत्रीवाला चालू होता त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी ती आठची गाडी पंचवीस मिनिटं थांबवली होती. आमच्या वरच्या साहेबांचे मेहुणे वेल्ह्याला जायचे होते आणि ते कुणाकडं तरी जेवायला गेले होते. निरोप आला, गाडी सोडू नका. मी ड्रायव्हरला बॉनेट उघडून उभा राहायला सांगितलं, म्हणजे पब्लिकला वाटावं की बिघाड आहे. तुमच्या थिएटरातली माणसं धावत येऊन गाडीत बसली आणि तशीच बसून राहिली. सहावं रीळ अडीच वेळा दाखवून झालं असतं इतका वेळ. आणि तेवढ्यात तुम्ही आलात. कुणा बाईची बांगड्यांची पिशवी थिएटरात राहिली होती, ती घेऊन तुम्ही धावत आला होतात, गाडी गेली असणार हे धरूनच. गाडी उभी. तुम्ही खिडकीतून पिशवी दिलीत, बॉनेटकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, इंजिन बिघडलंय. 'बरं साहेब' म्हणालात आणि गेलात. तुम्हाला ते खरं वाटलं की नाही, हे मला तीस वर्षांत कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. घरमालकिणीनं किल्ली पळवली म्हणून मी इतका हट्टाला का पेटायचो, हे आता वाचणाऱ्याच्याही ध्यानात येईल. खुर्चीवरचा माणूस मनात आणलं तर कुलूप उघडू शकतो, हे मी एकदा कबूल केलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच होता.

नाव कळल्यावर शोध सोपा होईल असं वाटलं होतं, पण त्यातही दहा वर्षं गेली. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, तुमची लायब्ररी मोबाईलच्या दुकानाला गेली. भोरात सायबर कॅफे निघाला तेव्हा नसीम तिथं बसून तुमच्यासाठी इंग्रजीत पत्रं लिहायची. ती नसरापूरच्या शाळेत शिकवते, इंग्रजी चांगलं. विलायतेतल्या असल्याच एका नादिष्ट म्हाताऱ्याचं उत्तर आलं. माझ्याकडे अख्खा आहे म्हणाला. तुम्ही नसीमला एवढंच विचारायला लावलंत, ठिपके किती? त्यानं मोजून कळवलं, आठ. त्या दिवशी तुम्ही डायलिसिसहून आलेले, अंगात त्राण नव्हतं, तरी स्टँडवर येऊन मला सांगून गेलात. मी रिटायर झालो होतो, पण बसायचो तिथंच. पार्सल यायला महिना लागेल, असं तुम्ही म्हणालात. आणि महिना मिळेल का, असा हिशोब आपण दोघांनीही मनातल्या मनात केला. तुम्हाला ते रीळ बघायला मिळावं, यापलीकडं मला त्या दिवसांत काही नको होतं.

पार्सल आलं तेव्हा मी नातवाच्या बारशाला साताऱ्याला. आठ दिवसांनी परत आलो तो कंदी पेढे घेऊन थेट तुमच्याकडे. तुम्ही खाटेवर टेकून बसला होतात. मी विचारायच्या आधीच म्हणालात, "बघितला. अख्खा हाय. तुमचंच खरं, शेडगेसाहेब. त्या बाईनंच किल्ली पळवली."

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. पेढ्यांचा पुडा फोडला आणि तुमच्यासमोर दोन पेढे खाल्ले. तुम्हाला साखर चालत नव्हती. तुम्ही हसत म्हणालात, गोड तुमी खा, जितलाय. मला पण दाखवा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, मशीन अडकतंय, सवडीनं बघू. स्टँडवर जाऊन मी चहावाल्यापासून ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांना सांगितलं की दस्तगीरभाई हरले. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. मातीला आलो, खांदा दिला, मूठभर माती टाकली, आणि त्या वेळीही मनात कुठंतरी होतं की निदान त्यांना रीळ तरी बघायला मिळालं, आणि आपलं खरं ठरलं. माणूस किती हलका असतो बघा.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर दोन दिवसांनी नसीम आली. डिस्क हातात. म्हणाली, अब्बांची आठवण म्हणून ठेवा काका. निघताना दारात थांबली. "तो फौजदार कुलूप उघडतो ना काका, तो तुकडा अब्बांनी मला तीनदा लावायला लावला. मग म्हणाले, शेडगेकाकांना सांगू नको. बॉनेट वर होतं पण इंजिन चालू होतं, असं काहीतरी म्हणाले आणि नुसते हसले. मला काही कळलं नाही. तुम्हाला कळतंय का?"

मी हो म्हटलं.

ती गेल्यावर दुपारी एकटा बसून बघितला. ठिपके मोजत गेलो. पाचवा ठिपका येऊन गेला आणि पहिल्यांदा भजी नाहीत, साबण नाही. रिकामी चौकी आहे. फौजदार टेबलाशी बसलाय, वयस्कर, माझ्यासारखाच जाडा. बराच वेळ तो नुसताच बसून राहतो. मग उठतो, कोठडीचं कुलूप काढतो, आणि एक शब्दही न बोलता भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत उभा राहतो. बुटांचा आवाज लांब जाईपर्यंत पुसतच राहतो. मला वाटायचं, असं काही असलंच तर तो मोठं भाषण देऊन सोडत असेल. तसं नव्हतं. अगदी साधं होतं. दहा मिनिटं गाडी थांबवण्याइतकं साधं.

मला रडू आलं, दस्तगीरभाई. तुम्ही गेलात त्या दिवशी आलं नव्हतं. राग पण आला तुमचा. तीस वर्षांचं भांडण एका वाक्यात जिंकता येत होतं, पुरावा हातात होता, आणि तुम्ही मला पेढे खाऊ दिलेत. स्टँडवर त्याच शुक्रवारी चिडून बोलला असतात तर मी तरी काय उत्तर दिलं असतं! तुम्ही माझं इंजिन चालू असलेलं ऐकलंत आणि तीस वर्षं माझ्यासोबत चहा प्यालात. हे मला जमलं नसतं. मी तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, आणि माफी मागायची वेळ तर मी पेढे खाण्यात घालवली.

फौजदारानंच सोडला त्याला. तुमचंच खरं होतं. स्टँडवर जाऊन ते मी सगळ्यांना सांगून आलो आहे. पण ज्यांची अमानत होती ती माणसं वेल्ह्याची. त्यातली जी आठ-दहा अजून आहेत त्यांना निरोप धाडले आहेत. रविवारी सकाळी तिथल्या शाळेत नसीम डिस्क लावणार आहे, सुरुवातीपासून, अख्खा. पाचवा ठिपका आला की मी तिला थांबवायला सांगणार आहे, आणि सहावं रीळ त्यांच्या वाट्याला का आलं नाही ते सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार आहे, बॉनेटसकट.

तुमचा,
शेडगे